थोरली घर सोडते तो भाग

टीव्हीच्या एका वाहिनीने लोकांना विचारलं, आजवरची सर्वांत श्रेष्ठ मालिका कोणती? मत विचारलं की लोक ते देतातच, त्यांना काय फक्त कुणी विचारायला हवं असतं. महिनाभर मतं गोळा झाली, घराघरांत भांडणं झाली, आणि शेवटी पहिली आली ती 'गिरणीमागचं घर'. तीसेक वर्षांपूर्वीची मालिका. दर मंगळवारी संध्याकाळी लागायची, आणि त्या वेळात रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही असं अजून सांगतात. वाहिनीने ती पहिल्या भागापासून रोज दुपारी पुन्हा दाखवायला घेतली. जुन्या माणसांना आनंदीआनंद झाला. एक बाई मात्र धास्तावली, आणि ही गोष्ट तिची आहे.

तिला सगळे रेडिओ म्हणत. तिची सगळी नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत झाली. सकाळच्या पाळीला लागली, सकाळच्या पाळीतूनच निवृत्त झाली. उंचीने बेताची, अंगाने गोल, आणि तोंड म्हणाल तर झोपेत काय ते मिटायचं. नवऱ्याच्या मते झोपेतही नाही. नवरा बस चालवायचा. 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी जन्मभर डोक्यावर असल्यामुळे आपली बोलायची हौस राहून गेली, निवृत्तीनंतर भरून काढू म्हटलं तर घरी संधी कुठली, असं तो कुणालाही सांगतो. अर्थात रेडिओ आतल्या खोलीत असेल तेव्हाच.

लाँड्री तळघरात होती. एका बाजूला धुण्याची अगडबंब यंत्रं, मध्ये वाळवायची, आणि टोकाला इस्त्रीचा लांबलचक रोलर. एका अंगाने दमट चादर घातली की दुसऱ्या अंगाने ती चटका बसेल इतकी गरम होऊन बाहेर यायची. तिथे दोघी उभ्या. चार कोपरे धरायचे, चादर ताणायची, टोकाला टोक लावायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं, आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची आणि पुन्हा मागे सरायचं. एकटीने होणारं हे काम नव्हे. पाळी बदलतानाही रोलर थांबवायचा नाही असा नियम होता. म्हणून त्या अर्ध्या तासात जाणारी एक आणि येणारी एक अशी जोडी लागायची.

दुपारपाळीच्या मुकादमबाईंनी रेडिओच्या जोडीला दिली आपल्या पाळीतली शिडी. तिला शिडी म्हणायचे कारण सगळ्यांत वरच्या फळीवरच्या उशांच्या खोळी काढायला तिला स्टूल लागायचं नाही. एक बुटकी आणि एक ताडमाड, त्यामुळे चादर एका बाजूने जमिनीला लागायची आणि मुकादमबाई ओरडायच्या. पण जोडी काही त्यांनी बदलली नाही. स्वतःचा निर्णय चुकला असं म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच.

'गिरणीमागचं घर' सुरू झालं आणि दुपारपाळीचं नशीब फुटलं. मंगळवारी सगळं शहर टीव्हीसमोर, आणि या तळघरात. तेव्हा चुकलेला भाग पुन्हा बघायची सोय नव्हती. चुकला तो चुकला. दुसऱ्या दिवशी दूधवाला, शेजारीण, शाळेतली पोरं, ज्याच्या त्याच्या तोंडी थोरली, आणि या आपल्या मख्खासारख्या ऐकून घ्यायच्या. एका बुधवारी शिडीने चादरीचं टोक धरता धरता विचारलं, "काल काय झालं गं?"

एवढं विचारायचाच अवकाश होता. रेडिओ सुरू झाली, आणि त्या दिवसापासून हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

चादर ताणलेली असताना दोघी लांब असायच्या, तेव्हा बोलून उपयोग नव्हता, यंत्रांच्या घरघरीत ऐकूच यायचं नाही. जवळ आल्या की सांगायचं. म्हणजे एका चादरीला एक वाक्य, फार तर दीड. "थोरली दार उघडते..." की चादर दिली, दुसरी ओढली, ताणली. "...तर दारात कोण?" पुन्हा लांब. तेवढ्या वेळात शिडीचा जीव टांगणीला. हळूहळू दुपारपाळीतल्या बाकीच्या बायका जवळ सरकल्या. मग मुकादमबाईसुद्धा काहीतरी तपासायचं निमित्त काढून तिथे घुटमळायला लागल्या. त्यांचं तपासून कधी होतच नसे.

आता यात दोन गोमा होत्या. पहिली म्हणजे रेडिओच्या घरी टीव्ही नव्हता. शेजाऱ्यांकडे, दाराजवळ, सगळ्यांच्या मागे बसून, मांडीवर किरकिरणारं पोर घेऊन ती मालिका बघायची. मालिकेतले दिवाणजी तोंडातल्या तोंडात बोलायचे, ते तिला कधीच ऐकू आलं नाही. मग तिने लाँड्रीत सांगून टाकलं की दिवाणजी ठार बहिरे आहेत आणि विचारलं एक की उत्तर देतात भलतंच. ती भलती उत्तरं अर्थात तिचीच. दुपारपाळी हसून हसून बेजार व्हायची.

दुसरी गोम मोठी होती. मालिका आठवड्यातून एकदा, आणि पाळी रोज. बुधवारी भाग सांगून संपायचा. गुरुवारी चादरी असायच्याच. 'पुढचं आता मंगळवारी' असं तिने एकदा म्हणून बघितलं, तर दुपारपाळीचे चेहरे असे पडले की तिला कसंसंच झालं. खरं तर तिला स्वतःलाही करमेना. म्हणून गुरुवारी ती म्हणाली, "अगं, एक सांगायचं राहिलंच," आणि पदरचं सांगायला लागली. एका भागात किती मावतं, हे ज्यांनी भाग बघितलेलाच नाही त्यांना काय ठाऊक? आठवड्याच्या शेवटी मात्र तिची तारांबळ उडायची. मंगळवारी खरी मालिका कुठे जाईल सांगता येत नाही, तेव्हा सगळ्यांना आपापल्या जागी परत आणून बसवायला लागायचं. बहुतेक वेळा जमायचं. नाही जमलं तर कुणाला तरी ताप आणून ती वेळ मारून न्यायची.

थोरली म्हणजे या मालिकेचा प्राण. गिरणीमागच्या घरातली मोठी सून. कमी बोलणारी, मरमर काम करणारी. नवरा बाहेर सज्जन आणि घरात हात उचलणारा. पडद्यावर मारहाण दिसायची नाही. दार बंद व्हायचं, आणि दुसऱ्या दृश्यात थोरली खिडकीशी उभी असायची, एवढंच. बघणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं.

आणि एका गुरुवारी रेडिओने थोरलीला घराबाहेर काढलं.

भर दुपारी, घर जेवून आडवं झालेलं असताना, थोरलीने आपलं शिवणयंत्र हातगाडीवर चढवलं, शेजारी लेकीला बसवलं, आणि ती पुढच्या दाराने निघाली. मागच्या दाराने नाही. सासू उठून आली, म्हणाली, कुठे चाललीस? थोरली म्हणाली, "दार लावून घ्या, धूळ येईल." आणि गाडी ढकलत गेली. गाडी हलत होती तसं यंत्राचं चाक आपोआप फिरत होतं. हे ऐकता ऐकता एक चादर रोलरमध्ये करपली आणि मुकादमबाई कुणावरच ओरडल्या नाहीत.

पुढच्या मंगळवारी बघते तर खरी थोरली घरात, चुलीपुढे. रेडिओला घाम फुटला. पण तोंड चालणारी बाई अशी अडकत नाही. बुधवारी तिने सांगितलं, थोरली गेली, घराला बाईमाणूस हवं, म्हणून माहेरच्यांनी तिची धाकटी बहीण पाठवली. दिसायला हुबेहूब. "नटी एकच आहे, दोन्ही कामं तीच करते," असंही तिने सांगितलं, कारण शिडीने नटीचा फोटो कुठेतरी बघितला होता. तेव्हापासून दुपारपाळीच्या मालिकेत दोघी होत्या. एक मुकाट्याने सोसत गिरणीमागच्या घरात राहिलेली, आणि दुसरी पलीकडच्या गल्लीत एका खोलीत राहून लोकांचे कपडे शिवणारी. ही दुसरी फक्त तळघरात दिसायची.

हे असंच विरून गेलं असतं. पण काही आठवड्यांनी शिडीने घर सोडलं. भर दुपारी, पुढच्या दाराने, एक ट्रंक आणि लेक घेऊन. मुलगा तिच्याबरोबर आला नाही. आजीच्या कमरेला मिठी मारून बसला, सुटेना. पुढे तो बापाकडेच वाढला. आता मोठा आहे, आईकडे येतो, पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसतो, चहा पितो आणि जातो.

घर सोडल्यावर पहिल्यांदा कामावर आली त्या दिवशी शिडी चादर धरून जवळ आली आणि म्हणाली, "थोरलीला जमलं, मग मला का नाही जमणार?" रेडिओच्या हातातली टोकं सुटली. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण कुठल्या तोंडाने सांगणार? नाही सांगितलं. मैत्री वाढत गेली, दोघींची पोरं मोठी झाली, दोघी निवृत्त झाल्या, आणि ते राहूनच गेलं.

आणि आता वाहिनीने हा घाट घातला होता. शिडीच्या लेकीने आईला भिंतभर टीव्ही आणून दिला. शिडीचा लगेच फोन आला, "जन्मात पहिल्यांदा सगळं डोळ्यांनी बघणार आहे मी. तू रोज दुपारी इकडेच ये."

रेडिओने पाठदुखीचं निमित्त सांगितलं आणि घरी बसून ती कामाला लागली. सुनेकडून तिने मोबाईलवर ती जुनी मालिका लावून घेतली, चष्मा चढवला, आणि वाहिनीच्या पुढे पळत सगळे भाग बघायला सुरुवात केली. मालिकेचं किती आणि आपलं किती, हे तिला स्वतःलाच कळेनासं झालं होतं.

"परीक्षा कधी आहे?" नवऱ्याने विचारलं.

"अहो, गप्प बसा. दिवाणजी बोलताहेत, पहिल्यांदा ऐकू येतंय मला."

बघता बघता भीती थोडी मागे पडली आणि तिचं कुतूहल जागं झालं. जे आपण रचलं अशी तिची खात्री होती, त्यातलं बरंच मालिकेत होतं. आणि जे डोळ्यांनी बघितल्याची ती शपथ घेतली असती, ते कुठेच नव्हतं. तिने सहज म्हणून नवऱ्याला विचारलं, तुम्हाला या मालिकेतलं काय आठवतं? तो म्हणाला, बंद गिरणीच्या भोंग्याचा शेवटचा आवाज. मालिकेत भोंगा वाजतच नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. त्याला धाकटा दीर स्टेशनवर ढसाढसा रडतो ते आठवत होतं, आणि सांगतानाही त्याचे डोळे भरून आले. मालिकेत स्टेशनच नाही. मग तिला नादच लागला. शेजारीण, पोस्टमन, दाताचा डॉक्टर, ज्याला त्याला ती विचारत सुटली. जो तो काहीतरी वेगळंच सांगायचा, आणि प्रत्येक जण शपथेवर.

हे असं का, यावर तिने पुष्कळ डोकं चालवलं. मालिका बघितली तर संथ. माणसं कमी बोलतात. थोरली खिडकीशी उभी राहते आणि कॅमेरा तिच्यावरून हलतच नाही, बघणाऱ्याला वाटतं आता बोलेल, मग बोलेल. ती बोलत नाही. मग मंगळवार ते मंगळवार माणूस करणार काय? तिच्या मनात काय असेल ते आपल्या मनातून काढून घालणार. रेडिओला वाटलं, सगळं बोलून दाखवणाऱ्या मालिका लोक विसरले आणि ही राहिली, ती यामुळेच. पण मग वाटलं, उगाच खिडकीशी उभ्या राहणाऱ्या नट्या काय कमी झाल्या? त्या कुठे कुणाला आठवतात? तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही, आणि ती पुढचा भाग लावायची.

बाकीच्यांनीही भर घातली होती हे बघून तिला जरा हलकं वाटलं. पण औषधवाल्याच्या स्टेशनामुळे कुणाचं घर मोडलं नव्हतं.

आणि एक गोष्ट काही केल्या तिला आठवेना. थोरलीला बाहेर काढलं ते त्याच गुरुवारी का? त्या आठवड्याचा भाग तिने तीनतीनदा बघितला. त्यात पिठाचा डबा सांडतो, यापलीकडे काही घडत नाही. मग आपल्या तोंडून तेवढं सगळं निघालं कुठून?

शिडीचे फोन रोज दुपारी यायचे. "अगं, दिवाणजींना तर चांगलं ऐकू येतंय की!"

"पुढे बहिरे होतात," रेडिओ म्हणाली, आणि कपाळावर हात मारून घेतला.

मग एका दुपारी फोन आला तो वेगळ्याच आवाजात. "कापला त्यांनी. तो भाग कापला! काल पिठाचा डबा सांडला, म्हणजे आज ती जायला हवी. आज दाखवली ती एकदम बहीणच. थोरली कुठे गेली?"

रेडिओ काही बोलायच्या आत शिडीने फोन ठेवला, कारण तिला बाकीच्यांना लावायचा होता. दुपारपाळीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या म्हाताऱ्या खवळल्या. कुणी वाहिनीला फोन केले, कुणी नातवाकडून तक्रार लिहून घेतली. आमच्याकडचे सगळे भाग पूर्ण आहेत, असं उत्तर यायचं, की यांचा पारा आणखी चढायचा. शेवटी वाहिनीतल्याच एका तरुण मुलीला राहवेना. इतक्या बायका, सगळ्या एकच दृश्य सांगतात, यंत्राचं चाक फिरतं इथपर्यंत. हे आहे तरी काय, म्हणून ती स्वतः शिडीच्या घरी यायला निघाली. रेडिओचं पाठदुखीचं निमित्त त्या दिवशी कुणी ऐकून घेतलं नाही.

शिडीची पुढची खोली भरून गेली होती. मुकादमबाई काठी टेकत आल्या होत्या आणि सवयीने सगळ्यांना कुठे बसायचं ते सांगत होत्या. मुलीने फोन टेबलावर ठेवून विचारलं, "हे सगळं टिपून घेतलं तर चालेल ना?" बायका तयारच होत्या. एकीने सुरुवात केली, दुसरीने वाक्य उचललं, आणि 'दार लावून घ्या, धूळ येईल' हे तर सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

मुलगी अवघडून म्हणाली, "आम्ही जुनी टेप तपासली. लिहिलेलंही तपासलं. असं दृश्य कधी चित्रित झालेलंच नाही."

"तुझा जन्म तरी झाला होता का तेव्हा?" मुकादमबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर झालंय ते!"

"तसं नाही आजी. म्हणजे तुम्ही हा भाग बघितलात कुठे?"

"लाँड्रीत."

"तिथे टीव्ही होता?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणाच्या मनातच आला नव्हता. मग सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या. तिथे रेडिओ हातात थंड झालेला चहा घेऊन बसली होती.

"हिने बघितलाय," शिडी अभिमानाने म्हणाली. "हिने शब्द न् शब्द सांगितलाय आम्हाला. आणि हेही टिपून घे बाळा, त्या थोरलीकडे बघून मी माझं घर सोडलं. दाखव तुमच्या कार्यक्रमात. माझा मुलगाही बघेल. त्याला कळू दे मी कुणामुळे निघाले ते."

'हो, बघितला, आणि तुम्हीच कापलात,' एवढं म्हटलं की झालं असतं. ते रेडिओच्या अगदी ओठांवर आलं होतं. मुलगी बिचारी परत गेली असती, आणि शिडीची थोरली शाबूत राहिली असती. पण मग हे सगळं टीव्हीवर दिसलं असतं. खाली वाहिनीने लिहिलं असतं, असा भाग नव्हताच. आणि शिडीचा मुलगा खुर्चीच्या कडेवर बसून ते बघून हसला असता. रेडिओने कप खाली ठेवला.

"नको दाखवूस," ती म्हणाली. "तो भाग नव्हताच. मी सांगितला तो. मनाने."

मुकादमबाईंनी काठी आपटली. "आणि दिवाणजी?"

"त्यांना नीट ऐकू येतं."

"आणि बहीण?"

"बहीण नाही. ती थोरलीच आहे."

मग जो गलका उडाला! एकीने आपण त्या धाकट्या बहिणीसाठी किती आसवं गाळली ते काढलं, एक रागावून चपला शोधायला लागली, आणि मुकादमबाई हसत सुटल्या त्या त्यांना ठसका लागेपर्यंत. मुलीने टिपून घेतलेलं आपणहून पुसलं आणि निघताना रेडिओच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. शिडी मात्र उठली. तिने सगळ्यांना दारापर्यंत पोचवलं, कप गोळा केले, धुतले, पुसले, आणि फळीवर ठेवायला हात वर नेला.

रेडिओ तिच्या त्या लांब हाताकडे बघत राहिली. आणि महिनाभर जे आठवत नव्हतं ते तिला आठवलं.

"तुझा हात वर जात नव्हता," ती म्हणाली.

"काय?"

"त्या गुरुवारी. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता तुझा. चादर तुझ्या बाजूने खाली येत होती. मी विचारलं, तर म्हणालीस दार लागलं. मी पुढे काही विचारलं नाही. धाडस झालं नाही माझं. पुढची चादर घेतली आणि तोंडातून ते निघायला लागलं."

शिडी खाली बसली. "म्हणजे तुला कळलं होतं."

"हो."

"आणि मी इतकी वर्षं धरून चाललेय, तळघरातल्या कुणालाच काही कळलं नव्हतं." मग एकदम आवाज चढवून म्हणाली, "माझा मुलगा गेला त्यात. तुला कळतंय का? टीव्हीतल्या बाईला जमलं म्हणून मी गेले, आणि ती बाई गेलेलीच नव्हती!"

"कळतंय," रेडिओ म्हणाली. तिला रडू आवरेना. "मला माफ कर असं म्हणायलासुद्धा लाज वाटते. तू राहिली असतीस तर मुलगा तुझा राहिला असता. आणि तू... ते मला माहीत नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या पाण्याचा आवाज येत होता.

"खरी काय करते?" शिडीने विचारलं. "मालिकेतली."

"राहते."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"लाव," शिडी म्हणाली. "शेवटचा भाग लाव. बघायचंय मला."

रेडिओने मोबाईलवरून तो भाग त्या भिंतभर टीव्हीवर लावला. सुनेने शिकवलं होतं, तरी दोनदा चुकलं. थोरली आता म्हातारी झालेली. नवरा खाटेवर, त्याला ती भरवते. मुलगे, सुना, नातवंडं, घर माणसांनी भरलेलं, सगळे तिला मान देतात. मग ती खिडकीशी जाते आणि उभी राहते. कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. लाखो लोकांनी सर्वांत श्रेष्ठ म्हणून मत दिलं ते याच दृश्याला, असं वाहिनीवाले सांगत होते. रेडिओ टीव्हीकडे बघतच नव्हती. शिडीच्या चेहऱ्यावर काय येतंय, तेवढंच ती जीव मुठीत धरून बघत होती.

नावं वर सरकायला लागली. शिडीने डोळे पुसले, पुन्हा पडद्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "हिला बिचारीला सांगणारं कुणी नव्हतं गं."